दादरचा इंग्रजी लेखनवर्ग: ४२ शब्दांचे वाक्य १३ शब्दांवर

आमच्या गृहनिर्माण संस्थेचा पुनर्विकास सुरू झाला आणि चिटणीस म्हणून माझ्यापुढे एक वेगळीच अडचण उभी राहिली. सभा मराठीत, वाद मराठीत, ठरावही मराठीत. परंतु विकासकाशी, त्याच्या वकिलाशी आणि वास्तुविशारदाशी होणारा पत्रव्यवहार मात्र सगळा इंग्रजीत. राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवण्याचे धोरण २००० साली आले. मी त्याच्या पुष्कळ आधीचा, म्हणजे पाचवीत इंग्रजीशी पहिली गाठ पडलेला विद्यार्थी. वाचलेले कळते, परंतु लिहायला बसलो की जुन्या फायलीतले एखादे पत्र समोर ठेवून त्याचीच नक्कल करायची, अशी नोकरीतली सवय. तेव्हा दादर पश्चिमेला, रानडे रोडच्या एका आतल्या गल्लीत, शनिवार-रविवारी भरणाऱ्या दहा आठवड्यांच्या इंग्रजी लेखनवर्गात ४,५०० रुपये भरून नाव घातले. त्या वर्गाविषयीचे हे मत आहे.

या वर्गाचा खरा कस वाक्य आटोपशीर करण्याच्या सरावात लागतो, आणि तेथे तो पूर्ण उतरतो. महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या बाई तयार उतारे देत नाहीत. आपापली खरी पत्रे आणायला सांगतात, प्रत्येक वाक्यातले शब्द मोजून आकडा समासात लिहायला लावतात आणि मगच लाल पेन्सिल हातात घेतात. विकासकाला लिहिलेले माझे वाक्य असे होते: ‘विथ रेफरन्स टु द अबव्ह सब्जेक्ट, वुई वुड लाइक टु ब्रिंग टु युवर काइंड नोटिस दॅट द रेंट फॉर द मंथ ऑफ मार्च हॅज नॉट बीन रिसीव्ह्ड बाय अस टिल डेट, अँड वुई रिक्वेस्ट यू टु डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट.’ शब्द ४२. बाईंनी विचारले, नीडफुल म्हणजे नेमके काय करायचे, आणि अर्लिएस्ट म्हणजे कोणती तारीख? माझ्यापाशी उत्तर नव्हते. अर्ध्या तासाने कागदावर उरले ते असे: ‘वुई हॅव नॉट रिसीव्ह्ड द मार्च रेंट. प्लीज पे इट बाय १० एप्रिल.’ शब्द १३, आणि मोठ्या पत्रात नसलेली तारीख या छोट्या पत्रात आली. आमच्या खजिनदारांना हे पत्र उद्धट वाटले, लेटरहेडवर एवढी रिकामी जागा बरी दिसत नाही असेही ते म्हणाले. तरीही मी ते तसेच पाठवले.

हा फापटपसारा येतो कोठून, याचे बाईंनी दिलेले कारण मला सर्वांत पटले. आपली कार्यालयीन मराठीच ‘कळविण्यात येते की’, ‘कार्यवाही करण्यात यावी’ अशा कर्ता लपवणाऱ्या वळणाची आहे, आणि इंग्रजी लिहिताना आपण तेच वळण सोबत नेतो. व्याकरणाच्या चुकांचेही तसेच आहे. ‘पाच वर्षांपासून’ आणि ‘२०१९ पासून’ या दोन्ही ठिकाणी आपल्याला एकच ‘पासून’ पुरते, म्हणून आपण सर्रास ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ लिहितो. इंग्रजीत कालावधी सांगताना ‘फॉर’ आणि आरंभबिंदू सांगताना ‘सिन्स’ लागतो. ‘अ’ की ‘ॲन’ यासाठी त्यांनी दिलेली युक्ती तर अस्सल आपली आहे: शब्द मनातल्या मनात देवनागरीत लिहावा. युनिव्हर्सिटी ‘य’पासून सुरू होते, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’; अवर ‘अ’पासून, म्हणून ‘ॲन अवर’; एमएलए ‘ए’पासून, म्हणून ‘ॲन एमएलए’. इंग्रजी स्पेलिंगकडे पाहिले की फसगत होते. बाराखडी फसवत नाही.

असे असूनही ‘द’ कोठे घालावा या प्रश्नाला जेमतेम चाळीस मिनिटे मिळाली, ही माझी मोठी तक्रार आहे. मराठीत या शब्दाला जोडच नाही, त्यामुळे आमच्या निम्म्या चुका तेथेच होत्या. घरी सोडवायचे रिकाम्या जागांचे सराव फिकट झेरॉक्सवर मिळतात, शेवटी फक्त उत्तरे असतात, आणि उत्तर चुकले तर ते का चुकले हे समजण्यास मार्ग नसतो. शिवाय कर्मणी प्रयोग दिसला की बाई तो खोडतात, हे मला अतिरेकाचे वाटले. सभेच्या इतिवृत्तात ठराव संस्थेचा असतो, कोणा एकाचा नसतो. तेथे ‘इट वॉज रिझॉल्व्ड दॅट’ हेच योग्य, आणि ते मी खोडू दिले नाही.

एकाच तुकडीत तीसजण बसतात, त्यांतले बरेच स्पर्धा परीक्षेचे उमेदवार. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा ३०० गुणांचा पेपर केवळ पात्रतेपुरता असला तरी त्यात उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश लिहावा लागतो, म्हणून शेवटचे दोन आठवडे त्या सारांशातच गेले. त्यांना ते उपयोगी पडले असणार. माझी मात्र दोन पत्रे तपासायची राहिली.

कार्यालयीन पत्रे, अर्ज किंवा ई-मेल लिहिणाऱ्यांनी हा वर्ग जरूर करावा. व्याकरणाचा पाया पहिल्यापासून घालायचा असेल तर दहा आठवडे अपुरे पडतील. जाताना स्वतःची किमान पाच पत्रे न्यावीत, तीही एक ओळ सोडून छापलेली, म्हणजे लाल पेन्सिलीला जागा राहते.