मुकिमो मागवला अंधेरीत, पानं एकदम कोवळी पण मका बदला

अंधेरीतल्या एका घरगुती किचनमधून मुकिमो मागवलेला. केनियातल्या किकुयू लोकांचं जेवण हे, बटाटा, मका, मटार आणि भोपळ्याची पानं उकडून एकत्र घोटायची, मसाला जवळपास नाहीच, आणि तेच मला जाम आवडलं. रंग मस्त हिरवागार, मधेमधे मक्याचे अख्खे दाणे दाताखाली येतात, आणि पानांचा एकही धागा तोंडात आला नाही म्हणजे शिरा नीट सोलून घेतल्या होत्या (ज्यांनी ही भाजी निवडलीये त्यांना माहितीये किती किचकट काम आहे ते). फक्त मका स्वीटकॉर्न वापरलाय, तिकडे पांढरा, पिठूळ मका घालतात, त्यामुळे इथे सगळंच जरा गोडसर लागलं, पुढच्या वेळी साधा देशी मका घ्याच प्लीज.
सोबत मटणाचा पातळ रस्सा होता, मधे खळगा करून तो ओता आणि हातानेच खा, नुसतं खाल्लं तर घशात बसतं. व्हेजवाल्यांना राजम्याचा रस्सा देतात. ३५० रुपयांत दोघांचं पोट भरतं. डबा आला की लगेच उघडा, गार झाला की बटाटा घट्ट होतो.