बाल न्याय मंडळ : आतल्या खोलीला पैकीच्या पैकी, बाहेरच्या बाकड्याला शून्य

हॉटेलांना, पार्लरला लोक तारे देतात. बाल न्याय मंडळाला, म्हणजे 18 च्या आतल्या मुलांचे गुन्हे जिथं चालतात त्या जागेला, तारे कोणी देत नाही, कारण इथं जाऊन आलो हे सांगायचीच चोरी. मी सांगते. भाच्याचं नाव मात्र सांगणार नाही, ते सांगायला कायद्यानंच मनाई आहे.

वय 16. मित्रानं उचललेली मोटरसायकल यानं दोन दिवस फिरवली. गुन्हा 3 वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा, म्हणजे किरकोळात मोडतो. म्हणून एफआयआर नाही, ठाण्याच्या डायरीत नोंद. 24 तासांच्या आत मंडळापुढे. बेड्या नाहीत, सोबतचा पोलीसही साध्या कपड्यात.

मी पिंजरा आणि उंच खुर्ची डोळ्यांसमोर धरून गेले होते. निघाली निरीक्षणगृहाच्या (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात ते घर) आवारातली एक खोली आणि लांब टेबल. मधे प्रधान दंडाधिकारी, दोन्हीकडे समाजकार्यातले सदस्य. त्यांत एक बाई असावीच लागते. त्या बाईंचा पहिला प्रश्न, "जेवलास का?" पोरगं हो म्हणालं. खोटं होतं, त्यांनी ओळखलं. त्याच दिवशी माझ्या बहिणीकडून लिहून घेऊन जामीन दिला.

वयासाठी शाळेचा दाखला चालला. तो नसता तर नगरपालिकेचा जन्मदाखला, तोही नसता तर हाडांची तपासणी. वकीलबाई विधी सेवा प्राधिकरणाकडून, फुकट. (फुकटची म्हणून मी नाक मुरडलं होतं. माझं चुकलं.)

मग परिविक्षा अधिकारी, म्हणजे मुलाच्या घरची माहिती काढून मंडळाला अहवाल देणारे, घरी आले. मी कणीक मळत होते. शाळा कधी सुटली, बाप किती पितो, पोरगं दिवसभर कुठं असतं, दोन तास हेच. मला राग आला. चोरी मोटरसायकलची आणि झडती आमच्या संसाराची! पण निकाल त्या अहवालातूनच निघाला. समज दिली, दर शनिवारी समुपदेशन, तीन महिने वाचनालयात पुस्तकं लावायची, आणि आयटीआयचा फॉर्म भरायचा. पुढं नोकरीला हा डाग आडवा येत नाही, हे वकीलबाईंनी दोनदा सांगितलं.

मे 2024 मध्ये पुण्यात अल्पवयीन मुलाच्या गाडीनं दोघांचा जीव घेतला आणि तिथल्या मंडळानं त्याला 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला. तेव्हापासून शेजारणी विचारतात, "निबंध किती शब्दांचा?" त्या 300 शब्दांनी सगळ्याच मंडळांचं नाव घालवलं. घोर गुन्हा आणि वयाची 16 वर्षं पूर्ण असतील तर मात्र गोष्ट वेगळी. तिथं मंडळ मुलाची समज-कुवत आधी तपासतं आणि खटला मोठ्यांसारखा चालवायला बाल न्यायालयाकडे (हे मंडळाहून वेगळं, सत्र न्यायालयाच्या पातळीचं) पाठवू शकतं. माझ्या अनुभवावरून त्याचा अंदाज बांधू नका.

आता बाकडं. साडेदहाला बोलावतात, नंबर पावणेचारला. सात तारखा झाल्या. माझं पोळीभाजी केंद्र. तारीख म्हणजे त्या दिवशीचे 60 डबे बुडाले. चौकशी 4 महिन्यांत संपवायची, फार तर 2 महिने वाढवून. आमची 5 महिने 20 दिवस चालली. एकदा निकालच लागायचा होता, पण दंडाधिकारी साहेब रजेवर. अंतिम आदेशाला ते धरून किमान दोघं लागतात, म्हणून परत या. हे फोनवर कळवता आलं असतं की!

पाचपैकी साडेतीन. दाखला मूळ न्या, झेरॉक्सवर भागत नाही. डबाही न्या. फाटकासमोरच्या टपरीवरचे पोहे कोरडे असतात आणि त्यात शेंगदाणे मोजून तीन.