स्विफ्टची १७ इंची चाकं काढून कंपनीची १५ इंची बसवली, त्याला आठ महिने झाले

माझी स्विफ्ट २०१९ची, व्हीएक्सआय पेट्रोल. शोरूममधून आली तेव्हा १४ इंची लोखंडी चाकं होती, १६५/८०चा टायर (रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के). पुढे हौसेने १७ इंची अलॉय टाकले, दीड वर्ष चालवले, आणि गेल्या दिवाळीच्या आधी काढले. आता वरच्या झेडएक्सआय मॉडेलला येतात ते कंपनीचेच १५ इंची अलॉय आहेत, जुने घेतलेले. नाशिकमध्ये रोज इंदिरानगर ते अंबड, महिन्यातून दोनदा मोहाडी, असं फिरणं आहे. ओळखीतले बरेच जण मोठ्या चाकांच्या विचारात आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

१७ इंचीत काहीच चांगलं नव्हतं असं नाही. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना स्टीअरिंग फिरवलं की गाडी तिथल्या तिथे वळायची. २०५/४५ टायरची भिंत जेमतेम ९२ मिलिमीटर, ती वळणावर दबत नाही. १४ इंचीची भिंत १३२ मिलिमीटर, त्यामुळे गाडी आधी अंग टाकायची आणि मग वळायची. हा फरक पहिल्याच दिवशी कळतो आणि आवडतोही.

पण आग्रा हायवेच्या फ्लायओव्हरवर ८०च्या पुढे गेलं की स्टीअरिंग थरथरायचं. ज्याने चाकं बसवली त्याने तीनदा बॅलन्सिंग करून दिलं, दर वेळी शिशाच्या पट्ट्या वाढत गेल्या, थरथर तशीच. मी लेथवर काम करतो. शेवटी चाक उतरवून मधल्या भोकाला व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला: ७३.१ मिलिमीटर. स्विफ्टचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल, ५४.१. म्हणजे चाक हबवर बसतच नव्हतं, नुसत्या चार नटांवर अंदाजाने मध्यावर धरलेलं होतं. या जागेत रिंग टाकायची असते हे दुकानदाराने सांगितलंच नाही. एका रविवारी मालकांना विचारून अ‍ॅल्युमिनिअमच्या चार रिंगा टर्न केल्या, हाताने दाबली की सरकत बसेल अशा. थरथर त्याच दिवशी गेली. बाजारात या रिंगा तयार मिळतात. बाहेरचे अलॉय घेताना पीसीडी ४ बाय १०० (नटांची चार भोकं, १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर) आहे एवढं बघून थांबू नका, भोकाचं मापही विचारा.

थरथर गेली, पण गाडीचा जडपणा राहिला. सिग्नलवरून उठताना क्लच जास्त सोडावा लागायचा, मुंबई नाक्यापासून द्वारका चौकापर्यंतच्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढायची नाही. मोहाडीला तात्यांच्या शेडमध्ये द्राक्षाचे क्रेट मोजायचा काटा आहे, त्यावर टायरसकट चाकं ठेवली. १४ इंची लोखंडी १३.६ किलो, १७ इंची २०.४. पुढे १५ इंची घेतलं तेव्हा तेही मोजलं, १५.१ भरलं. तात्या म्हणाले, "अरे, चार चाकांत मिळून सत्तावीस किलो वाढले, डिकीत दोन क्रेट टाकले तर गाडीला कळतं का?"

डिकीत टाकले तर नाही कळत. चाकात कळतात, कारण चाक गाडीबरोबर पुढे जातं आणि स्वतःभोवती फिरतंही. लेथवर मोठा चक (काम पकडून फिरवणारा जड भाग) चढवला की मोटर तीच असते, पण वेग घ्यायला वेळ लागतो आणि ब्रेक मारल्यावर थांबायलाही. त्यातही वजन मध्यापासून जितकं लांब तितका त्रास जास्त. टायरच्या परिघाजवळचा एक किलो वेग घेताना जवळपास दोन किलोंसारखा भारी पडतो. मोठ्या चाकात धातूची कडाच बाहेर सरकते. बाहेरचा व्यास मात्र तिन्ही चाकांचा ६२० मिलिमीटरच्या आसपासच आहे, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. कोणी २०५/५० टाकलं तर व्यास ६३७च्या घरात जातो, काटा कमी वेग दाखवतो आणि सगळेच गिअर थोडे लांब पडतात.

दुसरा त्रास आईला झाला. तिला कमरेचं दुखणं आहे. गाडीचं वजन स्प्रिंगवर असतं, चाकाचं नसतं. जड चाक खड्ड्यातून उसळलं की त्याला आवरायचं काम शॉकअब्सॉर्बरवर पडतं, आणि जे आवरत नाही ते मागच्या सीटवर पोचतं. पावसाळ्यात पाथर्डी फाट्याजवळ एका खड्ड्यात पुढच्या रिमची आतली कड वाकली. आई काही बोलली नाही, नुसता वरचा हँडल धरून बसली. त्या आठवड्यात ठरवलं.

१५ इंचीवर १८५/६५चा टायर, भिंत १२० मिलिमीटर. टायर सिएटचे घेतले, सातपूरला त्यांचा कारखाना आहे म्हणून थोडी आपुलकीही. पहिल्याच सिग्नलला फरक कळला. गाडी उचलते, ब्रेक हलका लागतो, खड्डा "धाड" न वाजता "धप" वाजतो. टाकी फुल ते फुल मोजलं तर आधी लिटरला साडेपंधरा किलोमीटर मिळायचे, आता साडेसतरा. हे सगळं वजनाचं नाही, टायर अरुंद झाल्याचाही त्यात वाटा आहे. गडाच्या वळणांवर १७ इंचीइतकी पकड नाही, हे मान्य करतो. पण १४ इंचीसारखी गाडी अंगही टाकत नाही. पावसात साचलेल्या पाण्यावरून १८५ जास्त भरवशाने जातो, रुंद टायर पाण्यावर तरंगायला लागतो तसा नाही. भोकाचं माप कंपनीचंच, रिंगेचा प्रश्नच नाही.

जुन्या चार अलॉयचे १५ हजार दिले, टायर वेगळे. पैसे देण्याआधी चारही नुसत्या रिम बॅलन्सिंग मशीनवर फिरवायला लावल्या. तीन सरळ फिरल्या, चौथीची आतली कड लाटेसारखी हलत होती. बाहेरून रंग इतका स्वच्छ होता की डोळ्यांना काही दिसलं नसतं. विकणाऱ्याने कुरकुर न करता बदलून दिली. जुने घेणार असाल तर मशीनवर फिरवल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि बघताना आतल्या कडेवर नजर ठेवा.