पावणेदोन टक्क्यांचं पुस्तक

७८,१७० रुपये. दूरशिक्षणाच्या एका बनावट एमबीएत गेलेले. आकडा पाठ झालाय, कारण पोलीस ठाण्यात, कर्ज कंपनीत, वकिलांकडे आणि घरी, सगळीकडे पहिला प्रश्न एकच आला, "एकूण गेले किती?" आणि दुसराही ठरलेलाच, "पण तुम्ही स्वतः एचआरमध्ये ना?" हो. एचआरमध्येच. रबाळे एमआयडीसीत, पगारपत्रकाच्या टेबलावर.

हिशेब असा. नोंदणीचे २,५०० रोख, पावती नाही. पहिला हप्ता २१,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २४,७८०. उरलेली फी 'नो कॉस्ट ईएमआय'वर ३६,०००, दरमहा १,५०० चे २४ हप्ते. पुस्तकांचं किट ३,५००. परीक्षेचा फॉर्म ४,८००. प्रोजेक्ट ६,०००. आणि एका महिन्यात हप्ता बाउन्स झाला त्याचे ५९०, म्हणजे ५०० दंड आणि दंडावरही ९० रुपये जीएसटी. बदल्यात हातात आल्या 'एमबीए, एचआर अँड लर्निंग' अशा दोन गुळगुळीत मार्कशीट आणि एक प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाच्या नावाने. डिसेंबर २०२५ मध्ये त्या विद्यापीठाने ईमेलवर दोन ओळींत कळवलं की या नंबरचा विद्यार्थी आमच्याकडे नाही आणि महाराष्ट्रात आमचं केंद्रही नाही.

अशा पदव्या विकणारे लोक गाठतात कसे, ते सगळ्यांना माहीत आहे. फोनवरची गोड मॅडम, 'आज रात्रीपर्यंतच सवलत', भिंतीवर फ्रेममधली सर्टिफिकिटं. ऑफिस ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, चष्म्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर. हेड ऑफिस म्हणे वाशीला. फ्रेममध्ये होतं आयएसओ ९००१ आणि उद्यम नोंदणी. उद्यम नोंदणी वडापावच्या गाडीलाही मिळते, तीही फुकट. पदवी देण्याशी या दोन्ही कागदांचा काडीचा संबंध नाही. पदवी कोण देऊ शकतं ते यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा १९५६ च्या कलम २२ मध्ये लिहिलंय. विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. बस. 'डिप्लोमा' या शब्दाला मात्र त्या कलमाचं कुंपण नाही, म्हणून गल्लोगल्ली 'पीजी डिप्लोमा इन एचआर' विकले जातात. माझ्या माहितीपत्रकात वर एमबीए होतं आणि तळाला बारीक अक्षरात 'एक्झिक्युटिव्ह डिप्लोमा'. तळ मी वाचला नाही.

इग्नू होतं, नाशिकचं मुक्त विद्यापीठ होतं, मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण तर कलिनाला, मग इकडे कशाला गेलात, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर आहे. ते पटो न पटो. सात तारखेच्या आत पगार, पंधराच्या आत पीएफ आणि ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) चलन. इग्नूच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरच्या आसपास, तारखा त्यांच्या. दोन परीक्षा पगाराच्या आठवड्यात आल्या तर रजा कोण देणार? इथे सांगितलं, "मॅडम, परीक्षा तुमच्या सोयीने, घरून." सोय या शब्दाला मी भुलले. मुक्त विद्यापीठांच्या पद्धतीत साधारण ३० गुण असाइनमेंटचे आणि ७० गुण सत्रान्त परीक्षेचे, तीही केंद्रावर, ओळखपत्र दाखवून. परीक्षा गैरसोयीची असते म्हणूनच त्या कागदाला बाहेर किंमत असते. हे आता कळतंय.

आता पुस्तक. रात्री झोप येत नाही ती पैशांमुळे कमी आणि या पुस्तकामुळे जास्त.

किटमध्ये पाच पुस्तकं, झेरॉक्स करून स्पायरल लावलेली. 'कॉम्पेन्सेशन अँड लेबर लॉज', पान ८३. तिथे छापलंय की ईएसआयमध्ये कामगाराचा हिस्सा १.७५ टक्के, मालकाचा ४.७५. १ जुलै २०१९ पासून हे दर ०.७५ आणि ३.२५ आहेत. हे मला कोणी शिकवायची गरज नाही. १८,००० पगाराच्या ऑपरेटरचे १३५ रुपये मी दर महिन्याला स्वतः कापते. पुस्तकाच्या हिशेबाने ३१५ झाले असते आणि युनियनने मला केबिनमधून ओढून बाहेर काढलं असतं. पुढच्याच प्रकरणात बाळंतपणाची रजा १२ आठवडे. ती २०१७ पासून २६ आठवडे आहे. ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा १० लाख. ती २०१८ मध्ये २० लाख झाली. म्हणजे २०१७ च्याही आधी कुणीतरी लिहिलेलं काहीतरी ऑगस्ट २०२४ मध्ये मला 'लेटेस्ट एडिशन' म्हणून ३,५०० ला विकलं गेलं. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात, त्यामुळे आता ते पुस्तक भेळ बांधायलाच.)

आणि मी काय केलं? पेन्सिल घेतली, १.७५ वर काट मारली, बाजूला ०.७५ लिहिलं आणि पान उलटलं. वर मनातल्या मनात खूश झाले की बघा, मला पुस्तकापेक्षा जास्त येतं.

त्याच रात्री पहिली दोन पानं उलटून बघायला हवी होती. खऱ्या मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकात घटक कोणी लिहिला, संपादन कोणी केलं, छपाई कुठल्या वर्षाची, हे सुरुवातीलाच असतं. घटकाच्या आरंभी उद्दिष्टं, मध्ये 'तुमची प्रगती तपासा' छापाचे प्रश्न, शेवटी उत्तरांच्या खुणा. माझ्या पुस्तकात थेट प्रकरण एक. लेखक नाही, वर्ष नाही. ट्रेनिंगच्या पुस्तकात कर्कपॅट्रिकच्या चार पातळ्या शिकवायच्या होत्या, म्हणजे प्रशिक्षणार्थीची प्रतिक्रिया, शिकणं, वागण्यातला बदल आणि कामावरचा परिणाम. छापल्या तीनच, चौथीचं पान झेरॉक्सवाल्याकडेच राहिलं. ट्रेनिंगचा फायदा मोजायचा कसा, नेमकं तेच गायब. एचआरचं कुठलंही दूरशिक्षणाचं किट हातात आलं की आधी ईएसआयचा दर, बाळंतपणाची रजा आणि ग्रॅच्युइटीची मर्यादा बघा. पाच मिनिटांत पुस्तकाचं वय कळतं.

पावतीसुद्धा बोलत होती. विद्यापीठ मान्यताप्राप्त पदवीसाठी जी फी घेतं तिच्यावर जीएसटी लागत नाही. माझ्या पावतीवर १८ टक्के होता आणि सेवेच्या रकान्यात 'कन्सल्टन्सी'. म्हणजे समोरचा माणूस लेखी सांगत होता की मी विद्यापीठ नाही, मी सल्ला विकतो. रोज जीएसटीची बिलं बघणारी मी, म्हटलं असेल काहीतरी नवीन नियम. यूपीआयवर पैसे पाठवताना स्क्रीनवर एका 'एंटरप्रायझेस'चं नाव आलं, तेव्हाही अंगठा थांबला नाही. विद्यापीठाची फी विद्यापीठाच्या पोर्टलवरून विद्यापीठाच्या खात्यात जाते. मध्ये कुणाचं एंटरप्रायझेस येत नाही.

डीईबी आयडी. हा शब्द पाठ करा. २०२४ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरशिक्षण किंवा ऑनलाइन पदवीला प्रवेश घेणाऱ्याला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या पोर्टलवर स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो, तोही आधी एबीसी आयडी, म्हणजे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधलं खातं, असेल तर. विद्यापीठ तो मागतंच. माझ्याकडे कुणी मागितला नाही, कारण माझा प्रवेश कुठे झालेलाच नव्हता. त्याच पोर्टलवर कुठल्या विद्यापीठाला, कुठल्या सत्रासाठी, कुठल्या अभ्यासक्रमाची, कुठल्या पद्धतीने मान्यता आहे याची यादी असते. चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. मी फक्त विद्यापीठाचं नाव शोधलं, ते सापडलं आणि मी निर्धास्त झाले. विद्यापीठ खरंच आहे. दूरशिक्षणाच्या एमबीएची मान्यता मात्र त्याच्याकडे नाही. शिवाय खासगी विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर दूरशिक्षणाचं केंद्र काढता येत नाही आणि फ्रँचायझी तर यूजीसीच्या २०२० च्या नियमावलीत सरळसरळ मना आहे. परराज्यातल्या विद्यापीठाचं ठाण्यात 'अधिकृत स्टडी सेंटर' ही पाटीच खोटी. ऑनलाइन पदवीला राज्याची हद्द नसते, पण मग स्टडी सेंटर कशाला लागतं?

प्रोजेक्टचे ६,००० देताना तर मला लाज वाटायला हवी होती, कारण तिथे मीही सामील होते. इग्नूसारख्या ठिकाणी आधी प्रस्ताव जातो, मार्गदर्शकाचा सही केलेला बायोडेटा जोडावा लागतो, मंजुरी आली की मग काम. इथे आठ दिवसांत बाइंडिंग केलेला प्रोजेक्ट हातात. विषय प्रशिक्षणाची गरज कशी ठरवावी, ५० कर्मचाऱ्यांची प्रश्नावली, रंगीत पाय चार्ट. आमच्या कंपनीचं नाव जागोजागी बसवलेलं. पान ६१ वर मात्र राहून गेलं होतं, 'सर्व नर्सेस व वॉर्डबॉय यांना प्रश्नावली देण्यात आली.' आम्ही व्हॉल्व्ह बनवतो. तेही मी व्हाइटनर लावून मिटवलं.

आणि वेळ. तीन वर्षांच्या बी.कॉम.नंतर मास्टर्स दोन वर्षांची असते. माझी पंधरा महिन्यांत झाली, दोन्ही वर्षांच्या मार्कशीट एकाच पाकिटात. "तुमच्या सहा वर्षांच्या अनुभवाचं क्रेडिट पकडलं, मॅडम." क्रेडिट हा शब्द खरा आहे, ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स खरी आहे, म्हणून तर ते इतकं पटलं. खोट्याच्या पोटात असा एखादा खरा शब्द असतोच. आपली क्रेडिट डिजिलॉकरमध्ये दिसतात का ते बघा. माझ्या डिजिलॉकरमध्ये आधार आणि गाडीचं लायसन्स, बाकी काही नाही. नव्या नोकरीच्या बॅकग्राउंड चेकमध्ये सगळं उघडं पडलं आणि ऑफर गेली. त्यावर जास्त लिहीत नाही.

चष्म्याच्या दुकानावरच्या त्या ऑफिसला आता कुलूप आहे. खाली चौकशी केली तर दुकानदार म्हणाला, "रोज दोन-तीन जण येतात."

मग सुरू झाली ठाणे-वाशी लोकल. ठाण्याच्या पोलीस ठाण्यात म्हणाले, हेड ऑफिस वाशीला, तिकडे जा. वाशीला म्हणाले, पैसे ठाण्यात दिलेत, इकडे कशाला आलात? परत ठाण्यात, "ताई, हे सिव्हिल मॅटर आहे." परराज्याच्या विद्यापीठाचं बनावट सर्टिफिकेट छापणं सिव्हिल कसं, असं विचारलं तर साहेब जेवायला गेले. चार अर्ध्या दिवसांच्या रजा गेल्या. तिसऱ्या खेपेला अर्जाच्या माझ्या प्रतीवर आवक शिक्का मिळाला, तोही काउंटरवरून हलणार नाही म्हटल्यावर. एक कॉन्स्टेबल समजावत होता, "शिकलेल्या माणसांनी असं करायचं म्हणजे..." वाक्य त्याने अर्धवट सोडलं. सोडलं नसतं तर बरं झालं असतं, मला उत्तर तरी देता आलं असतं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला तर ते म्हणाले, व्यवहार सव्वा वर्षापूर्वीचा, तुम्ही स्वतः पाठवलेला, आता खातं गोठवून काय मिळणार. पैसे गेल्यावर जितक्या लवकर फोन केला तितका त्या नंबरचा उपयोग, उशीर झाला की कमी. दिल्लीला ऑनलाइन तक्रार केली. एकोणीस दिवसांनी 'निकाली' असा शेरा आणि सल्ला की संबंधित विद्यापीठाशी संपर्क साधा. विद्यापीठाच्या नावाने बनावट मार्कशीट निघाल्यात, ते स्वतः पोलिसांत जातील असं वाटलं होतं. दोन ओळींच्या ईमेलनंतर एक अक्षर नाही. राज्याच्या कार्यालयात सांगितलं, "हा केंद्राचा विषय." कर्ज कंपनी म्हणते, कोर्स वेगळा, कर्ज वेगळं. त्यांचं खरं आहे. ३६,००० त्यांनी पहिल्याच दिवशी कन्सल्टन्सीला दिले होते आणि मी ओटीपी टाकून सही केली होती. अजून हप्ते चालू आहेत, कारण थांबवले तर सिबिल जाईल. म्हणजे ज्या फसवणुकीची तक्रार कुणी घेत नाही, तिचे १,५०० रुपये दर पाच तारखेला न चुकता वळते होतात. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे तुमच्या नावावरचं कर्ज. आलेल्या पानावर सावकार कोण आहे ते वाचल्याशिवाय ओटीपी टाकू नका.

हद्दीबद्दल नंतर वकिलांनी सांगितलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते आणि नकार मिळाला तर वरिष्ठांना लेखी पोस्टाने पाठवता येते. हे मला पहिल्या दिवशी माहीत असतं तर लोकलची तिकिटं वाचली असती. ग्राहक आयोगाचा रस्ता त्यातल्या त्यात बरा. राहत्या जिल्ह्यात दाखल करता येतं, पाच लाखांच्या आत फी नाही, तक्रार ऑनलाइन, ई-जागृती पोर्टलवर. मुदत दोन वर्षं. गंमत म्हणजे पावतीवरचं ते 'कन्सल्टन्सी' तिथे माझ्या बाजूने आहे. विद्यापीठ ही ग्राहकाला सेवा देणारी संस्था नाही, असा मुद्दा काढून विद्यापीठं सुटतात. सल्ला विकणाऱ्याला तसं सुटता येत नाही. म्हणून पावत्या, चॅट, व्हॉइस नोट, काहीही पुसू नका. नोंदणीचे २,५०० मी रोख दिले, पावती नाही, ते सिद्ध करणं अवघड, म्हणून दावा ७५,६७० चाच आहे.

वकिलांकडे सगळे कागद क्रमाने लावून दिले. पुस्तक निकृष्ट आणि जुनं होतं हे दाखवायला पान ८३ ची प्रत जोडायची होती. त्यांनी ती उजेडात धरली. काट मारलेला १.७५, बाजूला माझ्या अक्षरातला ०.७५ आणि कोपऱ्यात माझ्याच सवयीने घातलेली तारीख, १९ ऑगस्ट २०२४. ती तारीख दुसऱ्या दिवशीच्या ईएमआयच्या ओटीपीच्या आधीची आहे. ते पान जोडायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही.