विश्रामबाग, सांगली: कॉम्प्युटर जोडून देणारं दुकान, रॅम-प्रोसेसरची जुळणी कशी तपासतात?

इथली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे पैसे घेण्याआधी मदरबोर्डचं मॉडेल कंपनीच्या साइटवर उघडून सपोर्ट लिस्ट, म्हणजे त्या बोर्डावर चालणाऱ्या प्रोसेसर-रॅमची यादी, समोर दाखवतात. हे फार गरजेचं आहे. बी६५० बोर्डाच्या एएम५ सॉकेटमध्ये (एएमडी प्रोसेसर बसवायची जागा) रायझन ५ ९६००एक्स प्रोसेसर नीट बसतो, पण बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल तर बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय डिस्प्लेच येत नाही. बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घ्या, मग नुसत्या पेनड्राइव्हवरून हे अपडेट होतं.

एएम५ वर फक्त डीडीआर५ प्रकारची रॅम चालते. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीसाठी मात्र डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन्ही बोर्ड मिळतात. खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, जोर लावला तर स्लॉट जातो.

रॅमच्या ८ जीबीच्या चार कांड्यांऐवजी १६ च्या दोन घ्या, हा त्यांचा सल्ला अगदी योग्य. रायझन ५ ७६०० वर रॅमचा अधिकृत वेग दोन कांड्यांना ५२०० एमटी/सेकंद, चार लावल्या तर ३६००. कांड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात, एक्स्पोही (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारं बायोसमधलं सेटिंग) चालू करून देतात. पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहते. मेमरी ट्रेनिंग, म्हणजे रॅमशी जुळवून घेण्याचं काम, चालू असतं, तेव्हा बटण दाबून बंद करू नका.

एकच उणीव: बिलावर नुसतं ‘१६ जीबी रॅम’ लिहितात. पार्ट नंबर मागून लिहून घ्याच, वॉरंटीला आणि पुढे तशीच कांडी शोधायला तोच लागतो.