सांधेदुखी आणि कॅल्शियम: कार्बोनेट घ्यावं की सायट्रेट?

आधी एक स्पष्ट करायला हवं: कॅल्शियमच्या गोळीने गुडघेदुखी थांबत नाही. ती हाडांसाठी असते, सांध्यातल्या झिजलेल्या कूर्चेसाठी (हाडांमधल्या गादीसाठी) नाही. पण डॉक्टरांनी कॅल्शियम लिहून दिलं असेल, तर कोणतं घ्यायचं हा प्रश्न उरतोच.

कार्बोनेट स्वस्त. त्याच्या वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम, म्हणजे १२५० मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष ५०० मिलिग्रॅम. सायट्रेटमध्ये जेमतेम २१ टक्के. गोळ्या जास्त लागतात, खर्चही वाढतो.

तरीही सांधेदुखीच्या अनेक रुग्णांसाठी मला सायट्रेटच बरं वाटतं. वेदनाशामक गोळ्यांसोबत त्यांना बहुतेकदा पँटोप्राझोल (पित्ताची गोळी) सुरू असतं. त्याने पोटातलं आम्ल घटतं, आणि कार्बोनेट विरघळायला आम्लच लागतं. म्हणून तर ते जेवणासोबत घ्यायला सांगतात. सायट्रेट रिकाम्या पोटीही चालतं. शिवाय कार्बोनेटने पोट साफ न होण्याची तक्रार जास्त, आणि म्हातारपणी तो त्रास साधा नसतो.

पित्ताची गोळी चालू नसेल, तर कार्बोनेटला उगाच नावं ठेवू नका. थायरॉईडची गोळी मात्र दोन्हींपासून ४ तास लांब ठेवा. मुतखडा होऊन गेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.