पटर फिटिंगच्या नावाखाली ४६,२०० रुपये गेले. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी वाचा

पटर म्हणजे बॉल छिद्रात ढकलायची गोल्फची काठी, आणि ती आपल्या मापानं निवडून देणं म्हणजे फिटिंग. त्या फिटिंगची फी १,५००. पटरचे ३८,५००. वर 'कस्टम'चे, म्हणजे आयात शुल्काचे म्हणून ६,२००. एकूण ४६,२०० रुपये, सगळे यूपीआयने आणि सगळे एकाच माणसाच्या वैयक्तिक खात्यावर. गोल्फ म्हणजे पैसेवाल्यांचे चाळे, गेले तर गेले, असं म्हणणारे आमच्या घरातही आहेत. मी रविवार पेठेत धान्याचा व्यापार करतो, रुपया कसा मिळतो ते मला चांगलं ठाऊक आहे. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेल्या भाऊजींनी हा खेळ लावला आणि मी तो मनापासून शिकतोय. त्याची मला लाज नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची.

हॉटेलच्या हॉलमध्ये 'पटर फिटिंग कॅम्प' होता. खाली कार्पेट, समोर कॅमेरा, लॅपटॉपवर हलणाऱ्या रेषा. पुढचा साचा तुम्हाला माहीतच आहे: आजच्यापुरती किंमत, दोनच पीस शिल्लक. माणूस आपल्याच बोलीतला. "काका, हात एकदम सरळ जातोय की तुमचा! ब्लेड वापरतासा म्हणून बॉल उजवीकडं पळतोय. तुम्हाला फेस-बॅलन्स्ड मॅलेटच पाहिजे." ब्लेड म्हणजे अरुंद डोक्याचा पटर, मॅलेट म्हणजे मोठ्या, रुंद डोक्याचा. बॉल उजवीकडं जातो हे मीच त्याच्या फॉर्मवर लिहून दिलं होतं. तेच त्यानं मला निदान म्हणून ऐकवलं.

पटरचा शाफ्ट, म्हणजे दांडा, बोटावर आडवा तोलून धरा. फेस, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, आभाळाकडं तोंड करून राहिला तर तो फेस-बॅलन्स्ड; टो, म्हणजे डोक्याचं पुढचं टोक, खाली झुकला तर टो-हँग. ज्याचा स्ट्रोक मागंपुढं सरळ रेषेत जातो त्याला पहिला, ज्याचा कमानीत आत जाऊन पुन्हा आत येतो त्याला दुसरा, असा साधारण ठोकताळा. मॅलेट म्हणजे फेस-बॅलन्स्डच, हेही खरं नाही. शाफ्ट डोक्याला कुठं आणि कसा जोडलाय त्यावर ते ठरतं. लांबीसुद्धा नुसत्या उंचीवरून काढत नाहीत. तुम्ही किती वाकता, हात कुठं लोंबतात, डोळे बॉलच्या वर येतात का, हे बघावं लागतं. या माणसानं माझ्या हातांकडं बघितलंच नाही. पटर एकदाही बोटावर तोलून दाखवला नाही. भाऊजींनी नंतर फरशीवर खडूची रेघ ओढून मला पट मारायला लावले, तर माझा स्ट्रोक चांगला ठसठशीत कमानीचा निघाला. त्याच्याकडं विकायला मॅलेट होते, म्हणून माझा हात सरळ ठरला.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून रात्री झोप लागत नाही. माझ्या पाठोपाठ माझ्या मित्राचं फिटिंग झालं. मित्र डावखुरा आहे. बाहेर चहा घेताना दोघांनी रिपोर्ट शेजारी शेजारी धरले. लांबी ३४ इंच, लाय (दांड्याचा जमिनीशी कोन) ७० अंश, लॉफ्ट (फेसचा कल) ३ अंश, दोन्हीकडं तेच. आणि आलेखही तोच, त्याच दिशेचा. डावखुऱ्याचा आलेख उलटा यायला नको? मित्र म्हणाला, "दोघांचं सेम कसं काय रे?" मी म्हणालो, "उंची सारखीच आहे की आपली." त्या घडीला फक्त १,५०० गेले होते. तिथंच उठलो असतो तर बाकीचे ४४,७०० वाचले असते. पण समोर कॅमेरा आहे, छापील रिपोर्ट आहे, वागणं अदबीचं आहे, तर माणूस विश्वास ठेवणार नाही तर काय करणार? डॉक्टरचा रिपोर्ट आपण उलटा करून तपासतो का?

पटर घरी आला. ग्रिप वाकडी बसलेली. थोड्याच वापरात डोकं शाफ्टमधून निसटून हातात आलं. दुकानच्या काट्यावर ठेवलं: कागदावर ३६० ग्रॅम, काट्यावर ३१२. पटरवर जिचं नाव होतं त्या अमेरिकन कंपनीला मेल केला, तर तो सिरीयल नंबर त्यांच्या नोंदीतच नाही. म्हणजे माप खोटं आणि मालही खोटा. कस्टमचे पैसे कधी कुणाच्या मोबाईल नंबरवर भरत नसतात, तिथं सरकारी पावती लागते. बिलावर जीएसटी नंबर नसेल तर खिशातला हात बाहेर काढूच नका.

तक्रारीचं ऐका. इथल्या ठाण्यात पहिला प्रश्न, गोल्फ खेळता का? मग, अर्ज कन्नडमध्ये आणा. आणला. मग, माणूस महाराष्ट्रातला, तिकडं जा. कोगनोळी नाका ओलांडून तिकडं गेलो, तर तिथले म्हणतात, पैसे कर्नाटकात दिलेत, आमची हद्द नाही. सीमेवर राहणाऱ्याची ही गत दोन्ही राज्यांना माहीत आहे आणि दोन्ही राज्यं तिचा आडोसा घेतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यायची. छापील कलम पुढं ठेवलं. साहेबांनी ते वाचलंसुद्धा नाही, म्हणाले, "खेळण्याचं भांडण ग्राहक कोर्टात न्या." ४६,२०० रुपयांना खेळण्याचं भांडण म्हणतात! बँकेत गेलो, तर तिथं एकच उत्तर: पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत.

पैसे गेल्याचं कळल्या क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मला उशिरा कळलं, तोवर त्याचं खातं रिकामं झालं असणार. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता तिथूनच तक्रार करता येते, विकणारा कुठल्याही राज्यातला असो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. मी दाखल करतोय, मित्रही करतोय. त्या हॉलमध्ये ज्यांनी ज्यांनी पैसे भरले त्यांनी व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका, यूपीआयच्या नोंदींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि तो छापील रिपोर्ट फेकू नका. तुमच्याही कागदावर ३४, ७० आणि ३ असेल, तर तो आमच्या दोन कागदांशेजारी आयोगासमोर ठेवायचा आहे.